चिमूटची शुगर

त्या गल्लीत त्यांना सगळे कवळीवाले म्हणायचे. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण पत्ता सांगताना ‘कवळीवाल्यांच्या पलीकडचं दार’ असंच सांगितलं जाई, आणि हे त्यांनाही ठाऊक होतं. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नव्हतं. गावातले दंतवैद्य म्हाताऱ्या माणसांच्या जबड्यांची मापं घेत, ती गुलाबी लगद्यात उमटून कवळीवाल्यांच्या तळमजल्यावरच्या खोलीत येत, आणि मग ते प्लास्टर ओतून, मेण लावून, एकेक दात बसवून, घासूनपुसून कवळी तयार करत. खोलीतल्या फळ्यांवर पांढरे जबडे ओळीने मांडलेले असत. नवखा माणूस दारातच थबके. कवळीवाल्यांना मात्र ती सगळी घरची मंडळी वाटत.

माणूस चांगला, पण अबोल. कामामुळे एक गोष्ट त्यांच्या डोक्यात पक्की बसली होती. कवळी टोचली, म्हणजे कुठेतरी कुणीतरी चुकलेलं आहे. माप घेताना पेशंट हलला असेल, दंतवैद्याने घाई केली असेल, नाहीतर आपलाच हात जरा जास्त चालला असेल. चूक शोधली की सापडते आणि सापडली की निस्तरता येते. ही समजूत कामात कधी दगा देत नसे, म्हणून ते ती घरातही वापरत. नळ गळायला लागला तरी आधी विचारत, ‘शेवटी कुणी बंद केला होता?’

घरात माणसं तीन. ते, त्यांची बायको आणि बायकोची आई. बायको इंजिनियर, पुलांच्या बांधकामावर. लांबच्या एका नदीवर नव्या पुलाचं काम निघालं आणि तिला तिथे देखरेखीला जावं लागलं. पूल उभा राहीपर्यंत तिथेच मुक्काम, अधूनमधून सुटी काढून घरी फेरी. मागे उरले जावई आणि सासूबाई.

सासूबाईंची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली होती. अनोळखी माणसांच्या लाईनी जोडून द्यायच्या, ‘बोला’ म्हणायचं आणि आपण बाजूला व्हायचं. पण स्वतःच्या जावयाशी बोलायचं तर त्यांना मध्ये मुलीची लाईन लागे. ‘त्यांना विचार, चहा घेणार का,’ असं त्या म्हणत, तेव्हा ‘ते’ समोरच्याच खुर्चीत बसलेले असत. ‘आईंना सांग, अर्धा कप,’ असं उत्तर जाई. भांडण कसलंच नव्हतं. उलट दोघांना एकमेकांबद्दल आदर होता आणि त्या आदराचीच पंचाईत होती. मुलगी पुलावर गेली आणि ही लाईन तुटली. मग दोघंही घरातल्या बोक्याशी बोलायला लागले.

‘चिमूट, आज भाजीत मीठ कमी पडलंय का रे?’ सासूबाई विचारत.

‘चिमूट, मीठ बरोबर आहे,’ कवळीवाले ताटाकडे बघत म्हणत.

चिमूट खुर्चीखाली बसून शेपटी हलवी. त्याला मिठाशी काही देणंघेणं नव्हतं.

चिमूट सासूबाईंचा. कुंड्यांच्या मागे सापडला तेव्हा तळहातावर मावेल एवढाच होता, म्हणून हे नाव. पुढे तो चांगला दांडगा झाला, पण नाव तेच राहिलं. कुणी ‘तुमचा चिमूट दाखवा’ म्हणालं आणि तो दारातून डुलत आला, की पाहुण्यांना हसू आवरत नसे.

आजार पाण्यापासून सुरू झाला. चिमूट भांडंभर पाणी संपवायचा आणि पुन्हा भांड्याशी येऊन बसायचा. वाळूचा ट्रे दिवसातून अनेकदा बदलावा लागे. खायला तर बकासुरासारखा. पण उडी मारताना मागचे पाय लटपटू लागले, तेव्हा सासूबाईंनी मुलीला फोन केला, मुलीने नवऱ्याला केला आणि कवळीवाले बोक्याला घेऊन प्राण्यांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर एक तरुण बाई होत्या. बोलणं हळू, पण हात चपळ. त्यांनी रक्त तपासलं आणि म्हणाल्या, ‘ह्याला डायबेटिस आहे.’

सासूबाईंना स्वतःलाही शुगर होती, गोळ्यांवर भागायचं. त्यामुळे शब्द नवा नव्हता. नवं होतं ते इंजेक्शन. सकाळ-संध्याकाळ, खाणं झाल्यावर. इन्सुलिनची बाटली हलवायची नाही, तळहातांत हळूच फिरवायची. मानेमागचं नाहीतर कुशीचं कातडं चिमटीत धरायचं आणि सुई तिरकी घालायची. शुगर बघायला कानाच्या कडेला टोचून रक्ताचा थेंब काढायचा. त्याआधी ऊन पाण्यात पिळलेल्या फडक्याने कान शेकायचा, म्हणजे रक्त चटकन येतं. डॉक्टरीणबाईंनी हे सगळं दोघांकडून समोर करून घेतलं. कवळीवाल्यांचा हात जन्माचा स्थिर, त्यामुळे सुई त्यांच्याकडे आली. चिमूटला धरणं सासूबाईंकडे. कवळीवाल्यांच्या मांडीवर तो थांबतच नसे.

अशा रीतीने एकमेकांकडे न बघता एका घरात राहणारी ही दोन माणसं रोज दोनदा एका टेबलाशी, एकमेकांच्या श्वासाइतक्या अंतरावर येऊ लागली. मधे चिमूट. ‘चिमूट, हलू नकोस, आता टोचणार आहेत.’ ‘चिमूट, झालं.’

शुगर मात्र खाली येईना. डॉक्टरीणबाईंनी डोस वाढवला, मग आणखी वाढवला. मशीनवर कधी चारशेच्या वरचा आकडा यायचा, तर कधी आकडाच नाही. मोजता येण्यापलीकडे शुगर गेली की ते मशीन नुसतंच ‘हाय’ असं इंग्रजीत दाखवायचं. पहिल्यांदा कवळीवाल्यांनी ते मोठ्याने वाचलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, ‘बघ चिमूट, आता मशीनसुद्धा उसासे टाकायला लागलं.’ कवळीवाल्यांना हसू आलं होतं, पण ते दाबलं.

डॉक्टरीणबाईंनी सगळं पुन्हा पहिल्यापासून तपासलं. बाटली फ्रिजमध्ये कुठे ठेवता, सिरिंज बाटलीशी जुळणारीच आहे ना, सुई कातडीतून आरपार जाऊन औषध केसांवर तर सांडत नाही ना. सगळं ठीक निघालं. मग त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, ‘घरात कुणी त्याला मधल्या वेळेत काही खायला देतं का?’

कवळीवाल्यांच्या डोक्यात दिवा पेटला. चूक सापडत नव्हती ती ह्याच जागी असणार. ते चिमूटला उचलून वजनकाट्यावर उभे राहत, मग स्वतः एकटे उभे राहून वजाबाकी करत, आणि चिमूटचं वजन चढतच होतं. शुगर आटोक्यात नसलेला प्राणी वाळतो, हे डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं होतं. हा फुगत होता. अन्नावाचून कुणी फुगतं का?

त्या दिवसापासून ते घरात निरीक्षण करू लागले. ओट्याखाली बिस्किटाचा चुरा दिसला. बशी चाटूनपुसून ठेवल्यासारखी दिसली. सासूबाईंना चहाबरोबर बिस्किट लागे आणि चिमूट त्या वेळी त्यांच्या पायाशी बसलेला असे. एवढं त्यांना पुरलं. संध्याकाळचं इंजेक्शन झालं, चिमूट उडी मारून गेला, आणि कवळीवाले प्रथमच सरळ सासूबाईंकडे बघून बोलले.

‘आई, तुम्ही ह्याला काही देता का?’

सासूबाई फडकं पिळत होत्या. त्यांचे हात थांबले. ‘नाही,’ त्या म्हणाल्या.

‘मग ह्याचं वजन कसं वाढतंय?’

सासूबाईंनी फडकं वाळत घातलं आणि खोलीत गेल्या. कवळीवाल्यांना ते गप्प बसणं कबुलीसारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी खाण्याच्या कपाटाला कडी बसवली आणि कडीला छोटं कुलूप लावलं. किल्ली खिळ्याला टांगली, लपवली नाही. आपण कुणाला कोंडत नाही, फक्त बोक्याची सोय करतोय, असं त्यांनी मनाला समजावलं. पण सासूबाईंनी त्या किल्लीला हात लावला नाही. चहा नुसताच घेऊ लागल्या. चिमूटला धरायला वेळेवर येत, धरत आणि जात. त्याच्याशीही बोलेनात. घर इतकं शांत झालं की खालच्या खोलीत घासायचं यंत्र बंद झालं तरी वरच्या मजल्यावर कळे.

बायकोचा फोन आला. ‘आई नीट बोलत का नाही रे?’

कवळीवाल्यांनी सांगितलं. पलीकडे यंत्रांचा आवाज येत होता, कुणीतरी कुणाला हाक मारत होतं.

‘तू आईच्या कपाटाला कुलूप लावलंस?’

‘आईच्या नाही. बिस्किटांच्या.’

‘मग उतरली का त्याची शुगर?’

‘नाही अजून.’

‘मग?’ एवढंच म्हणून ती थांबली. तिचा स्वभाव असाच. खांब कलला की त्याच्याशी वाद घालायचा नाही, ओळंबा धरायचा.  कुलूप लावून बरेच दिवस झाले होते, आकडा होता तिथेच होता.

पुढच्या तपासणीला कवळीवाले आणि सासूबाई दोघं गेले. चिमूट आता नेहमीच्या पिंजऱ्यात मावत नव्हता, त्याला कपड्यांच्या मोठ्या टोपलीत घालून न्यावं लागलं. डॉक्टरीणबाई मध्यंतरी रजेवर होत्या, मधल्या भेटी त्यांच्या सहकाऱ्याने घेतल्या होत्या. आज डॉक्टरीणबाईंनी टोपलीतून डोकावणारं तोंड पाहिलं आणि हातातलं काम बाजूला ठेवलं.

‘ह्याचा जुना फोटो आहे का?’

सासूबाईंच्या पर्समध्ये होता. मुलगी खिडकीशी बसलेली, मांडीवर चिमूट. निमुळतं तोंड, बारीक पंजे. डॉक्टरीणबाईंनी फोटो टेबलावर ठेवला आणि त्याच्या शेजारी चिमूटला. मग कुणी काही समजावून सांगायची गरजच उरली नाही. डोकं रुंद झालं होतं, गाल पसरले होते, पंजे तर दुसऱ्याच कुठल्या जनावराचे वाटत होते. डॉक्टरीणबाईंनी ओठ वर करून दाखवला. खालचा जबडा पुढे आला होता आणि दातांमध्ये फटी पडल्या होत्या.

 हे सगळं कवळीवाल्यांना दिसलं होतं. दिवसभर जबडेच बघणारा माणूस तो, त्याला दिसणार नाही तर कुणाला. खालचे सुळे बाहेर दिसायला लागले तेव्हा त्यांना तर कौतुक वाटलं होतं, आपला बोका आता वाघासारखा दिसतो म्हणून. प्लास्टरचे जबडे वाढत नाहीत. जिवंत जबडा, तोही म्हातारपणाकडे झुकलेल्या बोक्याचा, पुढे का यावा, हा प्रश्न त्यांना शिवलाच नव्हता.

‘हा घोरतो का?’ डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

‘शेजारच्या खोलीत ऐकू येतं,’ सासूबाई म्हणाल्या.

‘हा नुसता लठ्ठ झालेला नाही. हा वाढतोय.’

रक्ताची एक वेगळी तपासणी मोठ्या प्रयोगशाळेत पाठवली गेली. उत्तर आलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी दोघांना बसवून नीट सांगितलं. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची एक इवलीशी ग्रंथी असते. तिच्यावर बहुधा गाठ आली आहे. ती गाठ वाढीचं हार्मोन भरमसाट सोडते आहे. त्याने हाडं, कातडी, आतले अवयव, सगळंच वाढतं, आणि तेच हार्मोन इन्सुलिनला काम करू देत नाही. तुम्ही दार उघडायला ढकलताय आणि आतून कुणीतरी ते दाबून धरलंय, असं समजा. ह्या आजाराला ॲक्रोमेगॅली म्हणतात. म्हणून डोस पुरत नाही आणि म्हणूनच शुगर असूनही वजन वाढतं.

‘म्हणजे चूक कुणाची?’ कवळीवाल्यांनी विचारलं.

‘चूक?’ डॉक्टरीणबाईंना प्रश्नच कळला नाही. ‘कुणाचीच नाही. होतं असं.’

 घरी आल्यावर कवळीवाल्यांनी स्क्रूड्रायव्हर आणला आणि कपाटाची कडी काढू लागले. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. लाकडाला स्क्रूची चार भोकं पडली होती, ती उघडी दिसू लागली. कवळीवाल्यांनी सवयीने सुरुवात केली, ‘चिमूट...’ आणि थांबले. हे बोक्याच्या आडून बोलायचं नव्हतं.

‘आई, माझं चुकलं. मी तुमच्यावर आळ घेतला.’

सासूबाई आत येऊन स्टुलावर बसल्या. 

‘मी द्यायची त्याला,’ त्या म्हणाल्या.

कवळीवाल्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

‘आजार कळायच्या आधी. रोज चहाच्या वेळी बिस्किटाचा कोपरा. लहानपणापासूनची सवय होती त्याची. डॉक्टरांनी नाव सांगितलं त्या दिवसापासून बंद केलं. तुम्ही विचारलंत तेव्हा नाही म्हटलं, ते खरं होतं. पण मला वाटत होतं, हे माझ्याच बिस्किटांनी झालं. माझी शुगर मीच त्याला लावली असं वाटायचं. मग तुमच्याशी काय भांडू? कुलूप बघितलं की वाटायचं, बरोबरच आहे.’

एवढं सलग त्या जावयाशी कधी बोलल्या नव्हत्या. त्यांचा आवाज अजून तसाच होता, एक्स्चेंजमधला, स्वच्छ आणि खालच्या पट्टीतला. कवळीवाले खुर्ची ओढून समोर बसले. आपण जिला दोषी धरत होतो ती आपल्याही आधीपासून स्वतःला दोषी धरून बसली होती, ह्या विचाराने त्यांना कसंतरीच झालं. ‘बिस्किटाने हाडं वाढत नाहीत,’ ते म्हणाले. 

‘हो, आज कळलं ते,’ सासूबाई म्हणाल्या. मग उठून त्यांनी चहा ठेवला, कपाट उघडलं आणि बशीत दोन बिस्किटं ठेवली. एक त्यांच्याकडे सरकवलं.

पुढे काय करायचं हा प्रश्न होताच. मोठ्या शहरात ह्या गाठीवर किरणांचा उपचार व्हायचा. ऑपरेशन करणारेही होते, पण फार थोडे आणि फार लांब. किरणांसाठी चिमूटला पुन्हा पुन्हा भूल द्यावी लागणार होती, आणि वाढीच्या हार्मोनने त्याचं हृदयही मोठं झालं होतं. बायको सुटी काढून आली. तिघं टेबलाभोवती बसले. बायकोचं मत होतं की उपाय आहे तर करून बघावा. कवळीवाले तिच्याच बाजूचे, कारण मुळावर घाव घालणं त्यांना पटत होतं.

‘दरवेळी झोपवायचं, उठला तर उठला,’ सासूबाई म्हणाल्या. ‘मला विचाराल तर तो इथे खिडकीत बसलेला मला बरा वाटतो. पण तुम्ही दोघं म्हणाल ते.’

डॉक्टरीणबाईंनीही आग्रह केला नाही. हृदय बघता भूल धोक्याची आहे, एवढं स्पष्ट सांगितलं. मग ठरलं की इन्सुलिनवरच निभवायचं. डोस खूप मोठा लागणार होता, साध्या मधुमेही बोक्याच्या कितीतरी पट. निघताना डॉक्टरीणबाईंनी दोघांना बजावलं. ‘आकडा अगदी छान यावा म्हणून मागे लागू नका. त्याचं पाणी पिणं कमी झालं, पायांत जोर आला, की पुरे. ही गाठ लहरी असते. एखाद्या दिवशी हार्मोन कमी सोडते, आणि मग कालचाच डोस आज जास्त होतो. टोचायच्या आधी दरवेळी मोजा. नेहमीपेक्षा कमी आला तर मला फोन करा, मगच सुई. आणि घरात मध ठेवा, शुगर फारच उतरली तर हिरड्यांना चोळायला.’

आकडे हळूहळू उतरले. तीनशे, मग अडीचशे. चिमूट पुन्हा खिडकीत उडी मारू लागला. कवळीवाल्यांना तर एखादी अवघड कवळी पहिल्याच खेपेला बसावी तसा आनंद झाला. ते मशीनकडे आशेने बघू लागले. आजचा कालच्यापेक्षा कमी, उद्याचा आजच्यापेक्षा. सकाळी खाली जाताना पायऱ्यांवर शीळ घालू लागले.

एका सकाळी आकडा बराच खाली आला. दीडशेच्याही आत.

‘आज फोन करू या का?’ सासूबाईंनी विचारलं. आता त्या सरळ विचारत.

‘कशाला? इतक्या दिवसांनी बसतंय. आज कमी दिलं तर पुन्हा चढेल.’

‘त्याने खाल्लंही अर्धंच.’

‘खाईल नंतर,’ असं म्हणून त्यांनी पूर्ण डोस टोचला.

दुपारी ते एका वरच्या कवळीचे दात मेणात बसवत होते. दार उघडलं. सासूबाई त्या खोलीत कधी येत नसत. त्या अनवाणी होत्या आणि हातात पंच्यात गुंडाळलेला चिमूट होता, मान लोंबकळलेली, तोंड मधाने माखलेलं.

‘पडला तो,’ त्या म्हणाल्या, जणू एखादा नंबर सांगताहेत. ‘हिरड्यांना मध चोळलाय. डॉक्टरांना फोन केलाय, त्या वाट बघताहेत. गाडी काढा.’

वाटेत त्या बोट मधात बुडवून त्याच्या हिरड्यांना लावत राहिल्या. दवाखान्यात चिमूटला सलाईन लावलं. डॉक्टरीणबाईंनी सकाळचा आकडा विचारला, कवळीवाल्यांनी सांगितला. त्यांनी मान हलवली आणि आत गेल्या.

बाकावर दोघं बसले. भिंतीवर कुठल्याशा कुत्र्याच्या खाद्याची जाहिरात होती. कवळीवाल्यांच्या नखांत गुलाबी मेण अडकलं होतं. सासूबाई आता म्हणतील, ‘मी सांगत होते.’ ते त्या वाक्याची वाट बघत होते. ते आलं असतं तर बरं वाटलं असतं. हिशोब पुरा झाला असता. पण त्या समोर बघत बसून होत्या.

‘नोकरीत असताना एकदा मला असं झालं होतं,’ त्या म्हणाल्या. ‘गोळी घेतली आणि जेवायचं राहिलं. बोर्डावर बसले होते. सगळे आवाज लांब गेले. कुणीतरी “हॅलो, हॅलो” करत होतं आणि मला कळत होतं की ते माझ्याशीच बोलताहेत, पण उत्तर द्यायला मी तिथे नव्हतेच. त्याला तसंच झालं असेल. सोफ्याखालून मला हाक मारल्यासारखा आवाज काढला आणि माझ्याकडे बघितलंच नाही.’

‘आई, मी...’

‘माझीही शुगर नीट बसत नाही हो. इतकी वर्षं गोळ्या घेते. एक दिवस बरी येते, एक दिवस उगाच चढते. डॉक्टर विचारतात काय खाल्लं, मी सांगते काहीच नाही, ते विश्वास ठेवत नाहीत.’ त्या किंचित हसल्या. ‘तुमच्यासारखेच आहेत.’

कवळीवाले खाली मान घालून बसून राहिले. डोळे भरून आले होते आणि सासूसमोर ते पुसायचे कसे हे त्यांना कळत नव्हतं. सासूबाई उठून पाणी प्यायला गेल्या. कूलर बाकाच्या शेजारीच होता, पण त्या लांबच्या कोपऱ्यातल्या कूलरकडे गेल्या.

चिमूट वाचला. दुसऱ्या दिवशी घरी आला तो चिडलेला, भुकेला आणि मधाने चिकट झालेला. त्यानंतर सुईचा निर्णय एकट्याचा राहिला नाही. मशीनवर आकडा आला की दोघं बघत, दोघं बोलत, शंका आली की डॉक्टरीणबाईंना फोन. कधी वाद होई. ‘अहो, आज त्याची चाल बघा, ढिला वाटतोय.’ ‘आई, तो झोपेतून उठलाय.’ ‘मी त्याला तुमच्यापेक्षा जास्त ओळखते.’ ‘ते मान्य.’ आकडा कधी दोनशे येई, कधी साडेतीनशे, आणि साडेतीनशे आला तरी कवळीवाले आता कुणाकडे संशयाने बघत नसत. कानाला बोराएवढा कापूस लावून धरत आणि म्हणत, ‘संध्याकाळी बघू.’

कामातही थोडा फरक पडला. एक आजोबा टोचणारी कवळी घेऊन तणतणत आले. दंतवैद्याने पाठवलंच नव्हतं, पत्ता शोधत स्वतःच आले होते. एरवी कवळीवाल्यांनी आधी विचारलं असतं की रात्री काढून ठेवता का, कशाने धुता. त्या दिवशी त्यांनी खुर्ची दिली. ‘हिरडी बसत जाते हो वयाने,’ ते म्हणाले. ‘तुमचंही चुकलेलं नाही, आमचंही नाही. पुन्हा करून देतो.’ आजोबा भांडायच्या तयारीने आले होते, त्यांचा हिरमोड झाला.

पूल उभा राहिला आणि बायको कायमची घरी आली. पहिल्या संध्याकाळी ती टेबलाशी बसून बघत राहिली. आई आणि नवरा एका बोक्यावर वाकलेले, एकमेकांच्या वाक्यात वाक्य घालत डोसवर भांडताहेत, आणि दोघांनीही तिला अजून चहा विचारलेला नाही. ती उठली आणि स्वतःच पाणी ठेवलं.

चिमूट पुढे बराच काळ जगला. डॉक्टरीणबाईंच्या अंदाजापेक्षा जास्तच. शेवटी शुगरने नव्हे, हृदयाने गेला. एका सकाळी खिडकीत उन्हाला बसला होता, खाली उतरला, सासूबाईंच्या खोलीच्या उंबऱ्याशी आडवा झाला आणि उठला नाही. तिघांनी त्याला कुंड्यांच्या मागच्या मातीत पुरलं. खड्डा बायकोने खणला. तो किती मोठा लागणार ह्याचा अंदाज दोघांचाही चुकला होता, तिने मात्र बरोबर खणला.

त्यानंतर काही दिवस इंजेक्शनच्या वेळेला कवळीवाले काम टाकून वर येत आणि टेबलाशी नुसतेच उभे राहत. सासूबाईही आपल्या खोलीतून बाहेर येत. करायचं काही नसे. एकदा सासूबाई म्हणाल्या, ‘डॉक्टर मला रोज चालायला सांगतात. मी जात नाही.’

‘का?’

‘एकटीला कंटाळा येतो.’

कवळीवाल्यांनी हात धुतले, प्लास्टर लागलेला सदरा बदलला आणि दाराशी सासूबाईंच्या चपला सरळ करून ठेवल्या. दोघं गल्लीच्या टोकापर्यंत गेले. तिथे डावीकडे वळायचं की उजवीकडे ह्यावर जरा बोलणं झालं. सासूबाईंना डावीकडे जायचं होतं, तिथे चढ कमी आहे. कवळीवाल्यांचं म्हणणं होतं की चढ असेल तरच चालण्याचा उपयोग. शेवटी ते डावीकडे वळले.